कडी आधी की भेग

तो: हे बघ, डोळे मिटून सही कर असं मी म्हणतच नाहीये. नीट वाच आणि मग कर.

ती: तीनदा वाचलं.

तो: मग?

ती: छान लिहिलंयस.

तो: तू नुसतं ‘छान’ म्हणालीस की पुढे ‘पण’ असतोच. काय खटकलंय ते सांगून टाक.

आई: आधी चहा प्या दोघं. रविवारची सकाळ, आणि टेबलभर तुमचे कागद. मी भाजी चिरायची कुठे? मांडीवर?

तो: आई, एक मिनिट. अगं, हा शोधनिबंध, आमच्या आयुष्यातला सगळ्यांत मोठा पेपर आहे. मंगळावर कधीकाळी जीव होते, याचा आजवरचा सगळ्यांत चांगला पुरावा. आणि हिला त्यावर नाव नको.

आई: पुरावा हा शब्द माझ्यासमोर जरा जपून वापर बाबा. न्यायाधीशाच्या खुर्चीत जन्म गेलाय माझा.

ती: मग आता तुम्हीच ठरवा, आई.

आई: मी? एका बाजूला पोटचा मुलगा, दुसऱ्या बाजूला सून. हा खटला माझ्यापुढे चालायलाच नको. निकाल काहीही दिला तरी जेवण मलाच गिळायचंय तुमच्याबरोबर. पण ऐकून घ्यायला काय जातं? सांग रे, काय सापडलंय.

तो: सोप्या भाषेत सांगतो. आपली गोगलगाय आहे ना...

आई: ती तुमची मंगळावरची गाडी.

तो: हो, तीच. मंगळावर एक सुकलेलं तळं आहे. सुकून तीनशे कोटी वर्षं झाली. त्याच्या तळाचा चिखल आता दगड झालाय. त्या दगडावर गोगलगाईला ठिपके सापडले. ठिपके म्हणजे खरं तर कड्या. मुगाच्या दाण्याएवढ्या. मधे फिकट, कडेला लोहाची काळी रेघ. आणि आत कार्बनचे मोठे रेणू. ते माझ्या यंत्राने मोजलेत, तीन वेगवेगळ्या कड्यांमध्ये. आता गंमत ऐक. आपल्याकडे तळ्याच्या गार चिखलात अशी कडी कोण करतं? सूक्ष्मजीव. ते लोह खातात...

आई: खातात?

तो: म्हणजे त्यावर जगतात. आणि जगता जगता भोवती असं रिंगण सोडून जातात. दुसरं कुणी गार चिखलात असलं काही करताना अजून तरी दिसलेलं नाही.

आई: बरं. आता हिचं म्हणणं.

ती: गार चिखलात, हे बरोबर आहे. पण ती कडी चिखलात झाली की नंतर, हे कुणी पाहिलंय?

तो: झालं सुरू.

आई: मधे बोलू नकोस. तुला बोलू दिलं ना तिने?

ती: आई, त्या दगडाला एक भेग आहे. दोऱ्याएवढी बारीक. चिखल वाळून दगड झाला, मग कधीतरी तो तडकला, मग त्या भेगेत खालून पाणी शिरलं आणि पांढरा क्षार साचला. अशी पांढरी शीर दिसते. हे सगळं तळं सुकल्यानंतरचं. कदाचित कितीतरी कोटी वर्षांनंतरचं. आणि ते वर आलेलं पाणी गरम असू शकतं.

आई: मग?

ती: परवा पेपरातल्या फोटोवर बाण काढत होते. ‘ही पाहा कडी’ दाखवायला. एक कडी अगदी त्या शिरेवर आहे. मला ती शिरेच्या वरून गेल्यासारखी दिसली.

आई: वरून गेली तर काय बिघडतं?

ती: ही समोरची भिंत बघा. खिडकीखाली तडा गेलाय. रंग आधी दिला असेल आणि मग तडा गेला असेल, तर रंगही चिरला जाणार. पण तडा आधीचा असेल आणि रंग नंतर दिला असेल, तर रंग तड्यावरून सलग जाणार. तसंच. कडी जर शिरेवरून सलग जात असेल, तर ती शिरेच्या नंतरची. म्हणजे तळं नाही, चिखल नाही. गरम पाण्याने दगडात केलेली रसायनं. त्याला जीव लागत नाही.

आई: आणि शीर कडीला चिरून गेली असेल तर?

तो: तर कडी आधीची! गार चिखलातली! मी तेच म्हणतोय. आई, फोटोत सरळ दिसतंय, कडी शिरेपाशी तुटते आणि पलीकडे पुन्हा सुरू होते.

ती: तुला दिसतंय.

तो: तुला नाही दिसत?

ती: मला ती सलग दिसतेय. फोटो वरून काढलाय, कलत्या उन्हात. त्या जागी नेमकी सावली पडलीये.

आई: म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही अंधारात उभा होता. जवळून दुसरा फोटो काढा की. दगड काय उठून पळणार आहे? इतकी वर्षं थांबलाय तो.

ती: दगड थांबेल हो. गोगलगाय थांबणार नाही.

आई: का? आता तिला कसली घाई?

तो: मी सांगतो. तिकडे हिवाळा तोंडावर आलाय. गोगलगाय उन्हावर चालते, आणि पॅनलवर धूळ साचलीये. तिला जगायचं असेल तर समोरच्या टेकाडावर चढून सूर्याकडे तोंड करून बसायला हवं. तो दगड राहिला मागे, एका खोलगट जागेत. तिथे हिवाळ्यात दुपार होईपर्यंत सावली असते. आणि तिचं पुढचं एक चाक अडकलंय. ते फरफटत ती उलटी उलटी चालते.

आई: अगं बाई. गोगलगाय आणि पोटात पाय म्हणतात, हिचा तर पायच अडकला.

तो: मागे फिरली तर फोटो मिळेल, पण वर चढून यायला वेळ उरेलच असं नाही. तिथेच अडकली तर संपलं. आणि कशासाठी? तर हिला एका कडीची शंका आहे म्हणून!

ती: एका कडीची नाही. सगळ्या कड्यांची. एक नंतरची निघाली तर बाकीच्या आधीच्या कशावरून?

तो: तुला कळतंय का, हा पेपर आला नाही तर काय होईल? वरून पत्र आलंय. दाखवण्यासारखं काही नसेल तर वर्षअखेर प्रकल्प बंद. चाळीस माणसं घरी जातील. गोगलगाय इथून चालवतात त्या चालकबाईंनी घर बदललं, नवऱ्याला नोकरी सोडायला लावली, कशासाठी? आणि गोगलगाय तरी कुठे वाचणार? टेकाडावर धडधाकट बसलेली असताना कुणीतरी बटण दाबून बंद करेल.

ती: मला कळतं ते.

तो: मग?

ती: मग काही नाही. कळतं, म्हणूनच दोन दिवस बोलले नव्हते. हे बघ, ती कडी जिवांनी केलेली असावी असं तुझ्यापेक्षा मला जास्त वाटतं. पेपर छापून येईल, पेपरवाले दाराशी येतील, सगळं जग म्हणेल, मंगळावर जीव होते. आणि मग दोन वर्षांनी दुसऱ्या कुणाच्या तरी लक्षात येईल की शीर खाली आहे आणि कडी वर. त्यानंतर खरंच काही सापडलं तरी आपल्यावर कुणी विश्वास ठेवेल?

तो: आणि मी बरोबर असलो तर?

ती: तर मला आवडेल.

तो: अकरा वर्षं आपण एकाच ताटात जेवतो, एकाच गाडीने ऑफिसला जातो, आणि तुला माझ्या डोळ्यांवर भरवसा नाही.

ती: तुझ्या डोळ्यांवर आहे. त्या फोटोवर नाही.

आई: झालं का तुम्हा दोघांचं?

तो: उद्या मीटिंग आहे. प्रमुख सगळ्यांना विचारणार, पुढे जायचं की मागे. माझं मत पुढे. आत्ताच सांगून ठेवतो, मग म्हणू नकोस.

ती: नाही म्हणणार. माझं मागे.

आई: तुमच्या तिकडच्या चिखलाचं काय ते करा. चहाचं मात्र गार पाणी झालंय, त्यात शंका नाही. आण इकडे तो कप.

*

ती: गाडी सुरू करू नकोस. आधी सांग.

तो: काय सांगू?

ती: काल घरात तू पुढे म्हणालास. आणि आत्ता मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर म्हणालास, ‘मागे’. मला वाटलं माझ्या कानांत काहीतरी झालंय.

तो: प्रमुखांनाही तसंच वाटलं. दोनदा विचारलं त्यांनी.

ती: माझ्यासाठी केलंस का? तसं असेल तर परत वर जा आणि मत बदल. मला असली भेट नको.

तो: तुझ्यासाठी कशाला करू? काल इतका राग आला होता की तुझं मत हाणून पाडायचं म्हणून जेवण झाल्यावर तो फोटो उघडून बसलो. मोठा केला, आणखी मोठा केला. मला हवी तशी कडी दिसली. तुटलेली. म्हटलं, हिला उद्या दाखवतो.

ती: मग?

तो: मग विचार केला की एकदा तुझ्या बाजूने बघावं. म्हणजे तू काय काय बोलशील त्याची उत्तरं तयार राहतील. तर तीच कडी सलग दिसायला लागली. अगदी स्वच्छ. पुन्हा माझ्या बाजूने पाहिलं, तुटलेली. पुन्हा तुझ्या, सलग. ज्या फोटोत ज्याला जे हवं ते दिसतं, तो फोटो नाही गं, आरसा आहे.

ती: हे मला का नाही सांगितलंस सकाळी?

तो: काय सांगणार होतो? अकरा वर्षांचं काम एका सावलीवर उभं आहे, हे? दाढी करताना स्वतःला सांगितलं तेव्हाच गाल कापून घेतला. हे बघ.

ती: ते मीटिंगमध्येच दिसलं होतं. मला वाटलं रागाने केलीस दाढी.

तो: चालकबाईंचा चेहरा पाहिलास?

ती: नाही पाहवला. ‘उतरवते म्हणाल तर उतरवते, पण परत आणेन असं वचन मागू नका,’ एवढंच म्हणाली, आणि माझ्याकडे न बघता निघून गेली. जिन्यात भेटली तर भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

तो: तिनेच चालवलीये ती आजवर. प्रत्येक दगड तिने चुकवलाय.

ती: मी चुकीची तर नाही ना?

तो: कडीबद्दल की मागे जाण्याबद्दल?

ती: दोन्ही.

तो: कडीबद्दल कळेल. मागे जाण्याबद्दल काही कधी कळणार नाही, असं दिसतंय.

ती: प्रमुख शेवटी काय म्हणाले रे? मी कागद आवरत होते तेव्हा.

तो: म्हणाले, नवराबायको एका बाजूला झाले म्हटल्यावर आम्ही बापड्यांनी बोलायचं काय! सगळे हसले. तेच एकदा हसले सगळे. करू सुरू?

ती: कर.

*

तो: आली. फोटोची पहिली पट्टी आली. अगं, तिकडे कुठे तोंड करून उभी राहिलीस? इकडे ये.

ती: मी इथेच बरी आहे. तू बघ आणि सांग.

तो: सगळी खोली बघतेय तुझ्याकडे.

ती: बघू दे. काय दिसतंय?

तो: अजून नुसती वाळू. वरचा कोपरा. दगडाची कड आली. ऊन चांगलं आहे, दगडावर कुठेच सावली नाही. चालकबाईंनी नेमकी वेळ साधली आहे. दाणा न् दाणा दिसतोय.

ती: पुढे?

तो: दुसरी पट्टी. एक कडी, पण ही शिरेपासून लांब आहे. आपल्या कामाची नाही. थांब, तिसरी येतेय. शीर दिसली. पांढरी, बारीक, वरून खाली.

ती: आणि कडी?

तो: अर्धीच आलीये. वरचा भाग.

ती: बोल ना.

तो: नाही, आता मी नाही बोलणार. तू ये.

ती: वाईट आहे का?

तो: चांगलं-वाईट काही सांगत नाहीये. मी सांगितलेलं तुला पटणार नाही, आणि तू सांगितलेलं मला पटलं नव्हतं. त्यासाठीच आपण तिला तिकडे पाठवलीये ना? ये. ही घे खुर्ची. बस.

ती: सरक थोडा. आणखी मोठं कर. आणखी. थांब, इथे थांब.

तो: घाई करू नकोस.

ती: शीर सलग आहे.

तो: हो.

ती: कडी... कडी तुटलीये. बघ, ही काळी रेघ इथवर येते, शिरेपाशी थांबते, आणि पलीकडे पुन्हा सुरू होते. आणि बघ ना, पलीकडचा तुकडा जरा खाली सरकलाय. दगड तडकला तेव्हा दोन्ही बाजू एकमेकींवरून घसरल्या. कडी आधीच होती तिथे, म्हणून तीही बरोबर घसरली.

तो: म्हणजे?

ती: नंतर झाली असती तर अशी सरकली नसती. रंग चिरला गेलाय रे. कडी आधी. भेग नंतर. मी चुकले.

तो: अगं, रडतेस काय?

ती: रडत नाहीये. म्हणजे रडतेय, पण तसं नाही. अरे, मी चुकले! पूर्ण चुकले! ती कडी गार चिखलात झाली. ते तळं होतं तेव्हा झाली. खाली दुसरी कडी आहे का शिरेवर? एकीवर विसंबायला नको, दुसरी दाखव.

तो: शेवटची पट्टी येऊ दे. ही बघ. डावीकडे, लहान आहे.

ती: तीही तुटलीये. आणि तेवढीच सरकलीये, त्याच बाजूला. आता माझी काही हरकत नाही. कुठे करायची सही?

तो: आत्ता?

ती: आत्ता. पण शेवटचं वाक्य बदल. ‘जीव होते’ म्हणू नकोस. ‘जिवांशिवाय दुसरं कारण आम्हांला सापडलं नाही’ असं म्हण.

तो: ते मी काल रात्रीच बदललं.

ती: खरंच?

तो: नंतर वाच. चालकबाई बोलावताहेत, काचेपलीकडून हात करताहेत. मी बघून येतो.

ती: मीही येते.

तो: नको, तू बस. फोटो पुन्हा एकदा तपास... आलीच ती इकडे. नाही, काचेवरच चिठ्ठी धरली तिने. पॅनलवर आज निम्मंच ऊन पडलं म्हणे. उद्या सकाळपासून चढ चढवून बघतील.

ती: निम्मंच?

तो: निम्म्याहून जरा कमी.

*

(बऱ्याच महिन्यांनी. तेच स्वयंपाकघर, दुपार कलताना.)

आई: आज लवकर आलात दोघं.

ती: संपलं, आई. मंगळावर आता उन्हाळा लागलाय. हिवाळाभर थांबलो, वसंतभर गोगलगाईला रोज रेडिओवरून हाका मारल्या. आज शेवटची मारली. यापुढे मारायची नाही असं ठरलंय.

आई: उत्तर आलं नसेल.

तो: नाही. ती त्या खोलगटातून अर्ध्या चढापर्यंत आली होती. तिथेच चाक रुतलं. नंतर झोपली ती झोपलीच.

आई: बसा. पाणी घ्या. शेवटची हाक कुणी मारली?

ती: मी.

आई: तू? ते चालकबाईंचं काम ना?

ती: तिनेच मला बसवलं. इतके महिने माझ्याशी कामापुरतंच बोलायची. आज सगळे जमले तेव्हा खुर्चीवरून उठली आणि म्हणाली, ‘तुम्ही पाठवा.’ मला वाटलं, टोमणा मारतेय. मी जागची हलले नाही. तर हाताला धरून बसवलं, आणि उत्तराची वेळ टळेपर्यंत माझ्या मागे उभी राहिली, खांद्यावर हात ठेवून. एक शब्द नाही.

आई: न बोलता समेट झालेले मी फार कमी पाहिलेत. झाले की टिकतात. आता मला एक सांगा. शेजारी विचारतात, भाजीवाला विचारतो, आणि मी आपली हसून वेळ मारून नेते. होतं का तिथे कोणी, की नव्हतं?

तो: आई, पेपरात आम्ही असं म्हटलंय की...

आई: पेपर मी वाचला. तीन दिवस लागले. मी तुम्हांला विचारतेय.

तो: मला वाटतं, होतं.

आई: आणि तुला गं?

ती: मला वाटतं, असावं. बाकीचे लोक प्रयोगशाळेत खटपट करताहेत, गार चिखलात जिवांशिवाय तशी कडी होते का बघायला. अजून कुणाला जमलेलं नाही. उद्या एखाद्याला जमेलही.

आई: म्हणजे आरोप सिद्ध नाही, आणि सुटकाही नाही. संशयाचा फायदा द्यायचा म्हणा ना.

तो: कुणाला देणार?

आई: तळ्याला. दुसरं आहे कोण? भाजीवाल्याला हेच सांगते. मी जरा आत जाऊन पडते. दोघं काहीतरी खाऊन घ्या, तोंडं सुकलीत तुमची.

ती: आई गेल्या का आत?

तो: गेली. का?

ती: एक बोलायचं होतं. मी ‘मागे’ म्हटलं नसतं, तर ती आज टेकाडावर उन्हात असती.

तो: असती.

ती: ‘नाही’ तरी म्हण रे.

तो: कसं म्हणू? असती. धूळ झटकून पुढच्या दरीतही उतरली असती कदाचित. आणि इकडे आपण दोघं अजून त्या एका सावलीवरून भांडत असतो. जगही भांडत असतं. आज आपल्या पेपरातलं बाकीचं सगळं लोक खोडून काढायला बघतात, पण त्या फोटोला कुणी हात लावत नाही.

ती: तो फोटो फार महाग पडला.

तो: हो, पडला. टीममधली पोरं पांगली. प्रमुख निवृत्त झाले. मला आता कॉलेजात पोरांना दगड ओळखायला शिकवायचंय.

ती: तरी तू एकदाही म्हणाला नाहीस.

तो: काय?

ती: ‘मी सांगत होतो ना.’ तुझंच खरं निघालं होतं. कडी तुटलेली होती. तू पहिल्या दिवसापासून तेच म्हणत होतास, आणि माझ्या हट्टापायी ती गेली. दुसरा कुणी असता तर रोज ऐकवलं असतं.

तो: म्हणणार होतो की. अगदी जिभेच्या टोकावर आलं होतं. तिसरी पट्टी आली तेव्हा मी वाक्य जुळवून ठेवलं होतं.

ती: मग?

तो: मग तू खुर्चीत बसलीस, ते पाहिलंस आणि रडायला लागलीस. ‘मी चुकले, मी चुकले’ म्हणत, सगळ्या खोलीसमोर. स्वतःची चूक निघाली म्हणून इतकं खूश झालेलं माणूस मी जन्मात पाहिलं नव्हतं. त्याच्यापुढे माझं वाक्य अगदीच फाटकं वाटलं. राहून गेलं.

ती: आता म्हण हवं तर.

तो: आता विसरलो.

ती: खोटं बोलतोस.

तो: बरं, नाही विसरलो. पण ठेवून देतो. पुढे कधी कामाला येईल.

ती: हसवू नकोस. आई झोपल्यात.

आई: झोपले नाहीये. चालू दे तुमचं.

तो: बघ, आपल्या घरात बंद खोलीतली सुनावणी कधी होतच नाही.

ती: उद्या सकाळी उठून काय करायचं रे आपण?

तो: काही नाही. अकरा वर्षांत पहिल्यांदा असं होईल की उठल्या उठल्या तिकडे ऊन किती पडलं हे बघायचं नाही.

ती: हवामानाचा आकडा येतच असतो. वर फिरणारं यान आहे ना, ते पाठवतं.

तो: येतो. पण आता त्याचं काय करायचं?

ती: मी तरी बघणार. सवय आहे.

तो: मग मलाही उठव.